वाचक विचारतात: डिझाइनमधला मेंटर कुठे आणि कसा शोधायचा?

या अंकासाठी निवडलेली सातही पत्रं ग्राफिक डिझाइनमध्ये नुकतंच पाऊल ठेवलेल्यांची आहेत. शब्द वेगळे असले तरी विचारणा एकच आहे: सॉफ्टवेअर शिकून झालं, कामंही मिळू लागली, पण आपलं काम बघून नेमकं कुठे चुकतंय हे सांगणारं माणूस कसं मिळवायचं आणि मिळालं तर त्याच्याकडून शिकायचं कसं? काही उत्तरं लांबली आहेत, कारण पत्रांतल्या अडचणी दोन ओळींत मिटणाऱ्या नव्हत्या.

मी दीड वर्ष ब्रँडिंगचं काम करते. आवडत्या चौदा डिझायनरना ‘तुम्ही माझे मेंटर व्हाल का?’ असं लिहून पाठवलं. तेरा जणांकडून काहीच उत्तर नाही. एकाने ‘नक्की, बोलू कधीतरी’ असं कळवलं आणि विषय तिथेच थांबला. माझं काय चुकलं?

प्रश्न चुकला. ‘मेंटर व्हाल का’ याला होकार द्यायचा म्हणजे किती वेळ, किती महिने आणि नेमकं कशासाठी, यातलं काहीही ठाऊक नसताना शब्द द्यायचा. कामात बुडालेला माणूस अशा निरोपाला नकारसुद्धा देत नाही. नवख्याला ‘नाही’ म्हणणं त्याला जड जातं, म्हणून तो ‘नंतर बघू’ म्हणतो आणि निरोप खाली सरकत जातो. तुम्हाला आलेलं ते एक उत्तर याच जातीचं आहे.

आधी कोणाला लिहायचं ते ठरवू. चौदाही जण नामवंत असावेत असा अंदाज आहे. ज्याला या क्षेत्रात २०-२५ वर्षं झाली, त्याचा बराचसा दिवस माणसं सांभाळण्यात आणि क्लायंटशी बोलण्यात जातो. लोगोची सहावी दुरुस्ती आली की काय करायचं, वरिष्ठांनी लेआउट परत पाठवला की त्यातलं काय ऐकायचं, या तुमच्या आजच्या अडचणी त्याच्यासाठी फार मागे पडलेल्या असतात. तुमच्या ४ ते ७ वर्षं पुढे असलेल्या माणसाला त्या लख्ख आठवतात. शिवाय त्याला विचारणारेही कमी असतात, त्यामुळे उत्तर येण्याची शक्यता वाढते.

अशी माणसं श्रेयनामावलीत सापडतात. पुस्तकाच्या मुखपृष्ठामागचं नाव, मासिकातली ‘मांडणी’ ही ओळ, स्टुडिओने काम प्रसिद्ध करताना खाली दिलेली नावं नीट वाचा. स्टुडिओच्या मालकाचं नाव सगळ्यांना माहीत असतं. त्या कामावर प्रत्यक्ष बसलेला डिझायनर त्याखालच्या नावांत असतो. तुम्ही शिकलात तिथल्या चार-पाच वर्षं आधीच्या विद्यार्थ्यांनाही विसरू नका. अशी १५ नावं काढा आणि प्रत्येकासमोर एक वाक्य लिहा: या माणसाच्या कोणत्या कामातली कोणती गोष्ट मला आज जमत नाही? हे वाक्य सुचत नसेल तर नाव खोडा. पाच-सहा उरली तरी खूप झाली.

आता निरोप. १०० शब्दांच्या आत, एक काम, एक प्रश्न. नमुना असा:

‘नमस्कार. मी दीड वर्ष ब्रँडिंगमध्ये काम करते. तुम्ही केलेल्या साबणांच्या वेष्टनांत सहा सुगंधांना सहा रंग आहेत, तरी सगळी एकाच घरातली वाटतात. माझ्या चार डब्यांच्या मालिकेत रंग बदलला की ब्रँडच बदलल्यासारखा वाटतो. सोबत एका पानाची पीडीएफ आहे. वर चारही डबे आणि खाली मी करून पाहिलेले दोन बदल आहेत. प्रश्न एवढाच की ओळख टिकवायची तर नावाची जागा, चौकट आणि अक्षरशैली यांतलं काय घट्ट धरायला हवं होतं? दोन ओळी लिहिल्यात तरी मला पुरे. सवड नसेल तर उत्तर नाही दिलंत तरी चालेल.’

यात मागणी लहान आहे आणि उत्तर दोन मिनिटांत देता येतं. तुम्ही आधी स्वतः काहीतरी करून पाहिलंय हे दिसतं, आणि त्या माणसाचं काम खरोखर पाहिलंय हेही. ‘मला तुमचं काम फार आवडतं’ एवढ्याने यातलं काहीच कळत नाही.

सोबतची फाइल ५ एमबीच्या आत ठेवा आणि नावात तुमचं नाव घाला. ‘फायनल-२-नवीन’ अशा नावाची फाइल उतरवून घेतल्यावर पुन्हा सापडत नाही. लिंक पाठवत असाल तर दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. ‘परवानगी मागा’ असा फलक समोर आला की निम्मे लोक तिथूनच मागे फिरतात. उत्तर आलं नाही तर १० दिवसांनी एकदाच, दोन ओळींची आठवण करा. त्यानंतर नाही.

उत्तर आलं की बहुतेक जण ‘खूप धन्यवाद’ लिहून थांबतात, आणि नातं इथेच तुटतं. सल्ला देणाऱ्याला त्या सल्ल्याचं पुढे काय झालं हे सहसा कधीच कळत नाही. तुम्ही ते कळवा. दोन आठवड्यांच्या आत बदललेलं काम परत पाठवा: आधीचं डावीकडे, नवं उजवीकडे आणि खाली तीन ओळी. ‘तुम्ही काय सुचवलंत, मी काय केलं, आता काय अडतंय.’ असं दोनदा झालं की मग वेळ मागा, तीही मोजून: ‘पुढचे तीन महिने, महिन्यातून एकदा, ३० मिनिटं बोलाल का?’ शेवट ठरलेला असला की होकार देणं सोपं जातं. ‘मेंटर’ हा शब्द तोपर्यंत काढावाही लागत नाही.

आमच्या कंपनीत मी एकटाच डिझायनर आहे. साहेब विक्री विभागातले. माझं काम कोणी तपासतच नाही. शिकायचं कोणाकडून?

तुमचं काम तपासणारे आहेत, फक्त ते तुम्हाला सांगत नाहीत. छापखान्यात तुमची फाइल प्लेटवर जाण्याआधी प्री-प्रेसवाला ती उघडतो, खटकलेलं दुरुस्त करतो आणि काम पुढे ढकलतो. मुदत तोंडावर आलेली असते, तुम्हाला फोन करण्यापेक्षा स्वतः दुरुस्त करणं त्याला लवकर पडतं. परिणामी तुम्ही वर्षानुवर्षं तीच चूक करत राहता आणि ती चूक आहे हेही तुम्हाला कळत नाही.

त्याला जाऊन एकच विचारा: ‘माझ्या फायलींमध्ये तुम्हाला दर वेळी काय दुरुस्त करावं लागतं?’ मशीन चालू असताना, काम अडलेलं असताना जाऊ नका; आधी विचारून सवडीची वेळ घ्या आणि तुमचीच मागची फाइल सोबत न्या. बहुधा पुढच्यांपैकी काहीतरी निघेल.

ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग, सोडलेलं नसतं. चहूबाजूंनी ३ मिमी लागतं, कारण कापताना कागदांचा गठ्ठा किंचित सरकतो आणि रंग बरोबर कडेपर्यंतच असेल तर पांढरी रेघ दिसते. बारीक काळा मजकूर छपाईच्या चारही शायांत (सी निळसर, एम गुलाबी, वाय पिवळी, के काळी) बनलेला असतो. चार प्लेटांचं रजिस्ट्रेशन, म्हणजे एकमेकींवर नेमकं बसणं, केसभर जरी हललं तरी अक्षराच्या कडेला रंगाची झाक येते, म्हणून तो फक्त काळ्या शाईत, के १०० टक्के असा ठेवायचा. उलट मोठा काळा पट्टा नुसत्या के शाईत फिका, राखाडीकडे झुकलेला दिसतो. तिथे सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० अशी भर घालतात. मात्र चारही शाया १०० टक्के लावल्या तर बेरीज ४०० होते. आर्ट पेपरला साधारण ३०० आणि वर्तमानपत्राच्या कागदाला २४० च्या आसपासच शाई झेपते. त्यापुढे ती वाळत नाही आणि वरच्या तावाच्या पाठीला लागते.

पांढऱ्या अक्षरांना चुकून ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापायची सूचना) लागलेलं असेल तर पडद्यावर दिसणारी अक्षरं छापताना गायब होतात. ३०० पीपीआयचं (इंचाला ३०० पिक्सेल) छायाचित्र लेआउटमध्ये दुप्पट ताणलं की ते १५० चं उरतं. आडव्या ए४ कागदाची तीन पानांत दुमडायची पत्रिका असेल तर तिन्ही पानं ९९ मिमीची करून चालत नाही. आत दुमडणारं पान ९७ आणि बाकीची दोन १०० अशी विभागणी करावी लागते, नाहीतर आतलं पान अडतं आणि कडेला सुरकुतते. ही माहिती पुस्तकांतही मिळते, पण आपल्याच फाइलवर बोट ठेवून कोणी दाखवली की ती पुन्हा विसरत नाही.

पडद्यासाठी काम करत असाल तर डेव्हलपरला गाठा. त्याला विचारा: शीर्षक दुप्पट लांबलं तर हा लेआउट कुठे फुटतो? यादी रिकामी असेल तेव्हा काय दिसणार? मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला काँट्रास्ट ४.५:१ च्या वर आहे का? (मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. डब्ल्यूसीएजी या सुलभता-निकषांतली ही एए पातळीची किमान मर्यादा आहे.) आणि मजकूर तपासणारं कोणी कंपनीत असेल तर तुमच्या पानावरचं काय आधी वाचलं जातं हे त्यांच्याइतकं नेमकं फार थोडे सांगू शकतात.

या सगळ्यांची मर्यादाही ओळखून असा. काम छापलं जाईल का, चालेल का, वाचलं जाईल का, हे ते सांगतील. कल्पना मुळात योग्य होती का, हे सांगायला मुरलेला डिझायनरच लागतो, आणि तो बाहेर शोधावा लागेल. त्याची रीत पहिल्या उत्तरात आहे. साहेबांना मात्र वगळू नका: गिऱ्हाईक काय बघून थांबतं आणि काय बघून पुढे जातं, हे विक्रीच्या माणसाला डिझायनरपेक्षा जास्त ठाऊक असतं.

एक वरिष्ठ डिझायनर महिन्यातून एकदा भेटायला तयार झाल्या आहेत. दोन भेटी झाल्या. दोन्ही वेळा ‘छान आहे, अजून थोडं मोकळं करा’ यापलीकडे काही मिळालं नाही. त्यांना वेळ नाही की माझ्या कामातच सांगण्यासारखं काही नाही?

दोन्ही नाही. तुम्ही पूर्ण झालेलं काम दाखवून ‘कसं वाटलं?’ विचारलं असणार. पूर्ण झालेल्या कामावर खरं बोलणं म्हणजे कष्टांवर पाणी फिरवणं, असं समोरच्याला वाटतं. आणि ‘कसं वाटलं’ या प्रश्नाचं उत्तर ‘छान’ हेच असतं.

अर्धवट काम न्या. पहिल्या कच्च्या रेखाटनांचा कागद, टाकून दिलेले दोन पर्याय आणि आत्ताचा टप्पा, या तिन्ही गोष्टी टेबलावर ठेवा. टाकून दिलेल्या पर्यायांतून तुमचा विचार दिसतो, आणि मेंटरला खरं तर तोच दुरुस्त करायचा असतो. शक्य तिथे प्रत्यक्ष मापात छापून न्या. पडद्यावर १५० टक्के मोठं करून बघितलेलं व्हिजिटिंग कार्ड हातात घेतलं की त्यावरचा ५ पॉइंटचा पत्ता वाचता येत नाही. भेट दूरस्थ असेल तर पान १०० टक्के मापात दाखवा आणि पीडीएफ आदल्या दिवशी पाठवा.

सुरुवातीला दोन-तीन मिनिटांत एवढंच सांगा: हे कोणासाठी आहे, कुठे वापरलं जाणार, कशाला हात लावायची मुभा नव्हती. लोगो बदलता येत नव्हता, रंग दोनच होते, मजकूर कापायचा नव्हता, असं. हे माहीत नसेल तर त्या नेमक्या त्याच गोष्टी बदलायला सांगतील आणि अर्धी भेट तिथेच संपेल. मग काम समोर ठेवून मिनिटभर गप्प बसा. हे कठीण जातं, पण वाचकाच्या शेजारी उभं राहून समजावून सांगायला तुम्ही नसता. तोंडी स्पष्टीकरणाशिवाय काम कळतंय का, हे तपासण्याची हीच वेळ.

त्यानंतर प्रश्न, आणि ते बघण्याबद्दलचे. नजर आधी कुठे गेली? त्यानंतर कुठे? हे कशाचं पत्रक आहे असं वाटलं? एक गोष्ट काढून टाकायची झाली तर कोणती काढाल? या दोन पर्यायांपैकी तुम्ही कोणता टाकाल, आणि का? ‘काय टाकाल’ याचं उत्तर लोक मोकळेपणाने देतात, ‘काय वाईट आहे’ याचं देत नाहीत.

आता ‘मोकळं करा’ या शेऱ्याचं बघू. तो बहुधा खरा असतो, पण जागा सांगत नाही. लगेच विचारा: ‘कुठे अडकल्यासारखं होतंय?’ बोट ठेवलं गेलं की कारण सापडतं. मराठी मजकुराच्या पानावर ते पुष्कळदा ओळींमधल्या अंतरात निघतं. १० पॉइंट अक्षराला १२ पॉइंट लेडिंग (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर) हा हिशेब रोमन लिपीवरून आलेला आहे. देवनागरीत शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, पायमोडकी अक्षरं असतात. १२ वर ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो आणि पान करडं, गच्च दिसतं. फाँटनुसार १४-१५ पर्यंत जावं लागतं. समास कितीही वाढवले तरी हे गच्चपण जात नाही. म्हणजे शेरा एकच, पण जागा सापडली नाही तर तुम्ही महिनाभर समास हलवत बसाल.

भेटीत स्वतःची बाजू मांडू नका, लिहून घ्या. ‘ते क्लायंटने सांगितलं म्हणून’ हे वाक्य तीनदा आलं की समोरचं माणूस बोलायचं थांबतं. घरी आल्यावर टिपणांची वाटणी करा. ज्या सूचनेला ‘यामुळे वाचक इथे अडखळतो’ असं कारण जोडता येतं तो दोष. तो दुरुस्त करा. ‘असंही करून बघता येईल’ अशी सूचना असेल तर ते करून दोन्ही शेजारी लावून बघा. ‘मला हा रंग आवडत नाही’ ही रुची झाली. ती नोंदवून ठेवा आणि सध्या काही करू नका. दुसऱ्या दोघांनी न विचारता तेच सांगितलं तर मात्र त्या रंगाकडे पुन्हा बघा.

पैसे देऊन मेंटरशिप घ्यावी का? तीन महिन्यांचं पॅकेज देणारे बरेच दिसतात.

पैसे देण्यात गैर काही नाही. ज्ञान आणि वेळ दोन्हींना मोल आहे. फक्त आधी एकच सत्र घ्या, एकदम पॅकेज नको. त्या सत्रात माणसाने तुमच्या कामावर बोट ठेवून किती वेळ घालवला ते मोजा. एका तासातली ४० मिनिटं स्वतःच्या प्रवासाबद्दल गेली तर पॅकेजमधली पुढची सत्रंही तशीच जातील. नोकरीची हमी देणाऱ्यापासून दूर राहा. दुसऱ्याच्या कंपनीतली नोकरी देणं मेंटरच्या हातात नसतं. त्याचं स्वतःचं, क्लायंटसाठी केलेलं आणि नजीकच्या दोन-तीन वर्षांतलं काम बघायला मागा. सगळं काम ‘डिझायनर कसं व्हावं’ या विषयावरचंच असेल तर तो शिकवण्याचा व्यवसाय आहे. तो वाईट नाही, पण तुम्हाला हवी असलेली गोष्ट ती नव्हे. आणि विषय साचेबद्ध असेल, उदाहरणार्थ एखादं सॉफ्टवेअर किंवा ग्रिडची ओळख, तर मेंटरपेक्षा अभ्यासक्रम घ्या, तो स्वस्तही पडतो.

बिनपैशाचे मार्गही आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या एडीपीलिस्ट या मेंटर शोधण्याच्या संकेतस्थळावर मोफत सत्रं देणारे डिझायनर सापडतात. अमेरिकेतल्या एआयजीए या डिझायनरांच्या १९१४ पासूनच्या संघटनेच्या काही शाखा मेंटरशिपचे उपक्रम चालवतात. अक्षररचनेत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी अल्फाबेट्स या गटाचा मेंटरशिपचा उपक्रम आहे. अशा ठिकाणी चूक एकच होते: एका महिन्यात आठ जणांची सत्रं घेतली जातात, आठ दिशांचे सल्ले मिळतात आणि काम होतं तिथेच राहतं. तीन जणांशी एकेकदा बोला, एक निवडा आणि त्याच्याकडे दुसऱ्यांदा बदललेलं काम घेऊन जा.

एक इशारा महत्त्वाचा आहे. ‘माझ्याकडे फुकट काम कर, शिकशील’ ही मेंटरशिप नाही. तुमच्या फायली त्याच्या क्लायंटकडे जात असतील, तर ते काम आहे आणि त्याला मोबदला व श्रेय दोन्ही लागतात. हे कामाला लागण्याआधी लेखी ठरवा.

नोकरीतलं काम मेंटरला दाखवता येतं का? करारात गोपनीयतेचं कलम आहे.

प्रसिद्ध न झालेलं काम दाखवू नका, नाव झाकूनसुद्धा नाही. वेष्टनाचा आकार, उत्पादनाचं छायाचित्र, दिनांक यांवरूनही ओळख पटते, आणि मेंटर त्याच व्यवसायातला असल्याने प्रतिस्पर्ध्याचं काम करत असण्याची शक्यता असतेच. बाजारात आलेलं कामही कच्च्या टप्प्यांसकट दाखवायचं तर वरिष्ठांची लेखी परवानगी घ्या. एक ईमेल पुरतो. परवानगी मिळाली नाही तर तीच अडचण दुसऱ्या विषयावर उभी करा. चार डब्यांच्या मालिकेत अडलं असेल, तर मनाने चार वह्यांची मालिका करा आणि बंधनं तीच ठेवा: दोन रंग, लांब नाव, छोटी जागा. मेंटरला डब्याशी देणंघेणं नसतं, अडचण तीच असली की झालं.

माझे मेंटर फार चांगले आहेत, पण आता माझं सगळं काम त्यांच्यासारखं दिसतं. एका कामात त्यांचा सल्ला पटला नाही तरी तसंच केलं. हे थांबवायचं कसं?

सुरुवातीला काम त्यांच्यासारखं दिसणं स्वाभाविक आहे, त्याची लाज वाटू देऊ नका. इंग्लंडमधले अक्षरलेखक एडवर्ड जॉन्स्टन यांच्याकडे एरिक गिल अक्षरलेखन शिकले. जॉन्स्टन यांची लंडनच्या भुयारी रेल्वेसाठीची अक्षरं १९१६ मध्ये वापरात आली, गिल यांचा गिल सॅन्स हा फाँट मोनोटाइप या कंपनीने १९२८ मध्ये काढला. दोन्ही शेजारी ठेवले की नातं लपत नाही. पण नीट बघा: जॉन्स्टन यांच्या छोट्या आयवरचा ठिपका तिरक्या चौकोनासारखा आहे, गिल यांचा गोल. जॉन्स्टन यांच्या छोट्या एलला पायाशी आकडा आहे, गिल यांचा एल सरळ उभी काठी. गुरूचा हिशेब घेतला, पण एकेका अक्षरापाशी थांबून निर्णय स्वतःचा केला.

तुम्हीही असंच तपासा. गेल्या पाच कामांच्या छोट्या प्रती एका कागदावर छापा आणि प्रत्येकात वारंवार येणाऱ्या गोष्टींना खूण करा: तीच अक्षरशैली, तोच डावीकडून सुरू होणारा लेआउट, तीच मोठी मोकळी जागा. प्रत्येक खुणेपाशी लिहा, या कामाला हे का हवं होतं? ‘सरांना आवडतं’ यापलीकडे कारण सापडलं नाही, तर तेवढी एकच गोष्ट बदलून बघा. सगळ्या गोष्टी एकदम बदलल्यात तर कशाने फरक पडला हे कळणार नाही.

पटलं नाही तेव्हा गप्प राहून त्यांचं करणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे, कारण त्यांना वाटतं की तुम्हाला पटलं. दोन्ही करा आणि दोन्ही दाखवा. ‘तुम्ही सांगितलंत तसा हा आणि माझा हा, माझ्यात किंमत लवकर सापडते असं मला वाटतं, तुम्हाला काय वाटतं?’ असं कारणासकट विचारलेलं चांगल्या मेंटरला खुपत नाही. खुपलं, आणि पुन्हा पुन्हा खुपत राहिलं, तर भेटी कमी करा. ठरलेले तीन किंवा सहा महिने संपले की त्यांच्यामुळे बदललेलं एक काम दाखवून मनापासून आभार माना आणि पुढची वेळ मागू नका. न सांगता भेटी बंद करू नका. हे क्षेत्र लहान आहे आणि नातं पुढे वेगळ्या रूपात उपयोगी पडतं.

अजून कोणीच मिळालेलं नाही. तोवर काय करू?

दोन गोष्टी करा. पहिली, बरोबरीच्या चौघांचा गट. पंधरा दिवसांतून एकदा ८० मिनिटं, प्रत्येकाच्या कामाला २०. चारपेक्षा जास्त झाले की कोणाच्या ना कोणाच्या कामावर घाई होते. ज्याचं काम समोर आहे त्याने पहिली पाच मिनिटं बोलायचं नाही, आणि ‘छान’ हा शब्द कोणी वापरायचा नाही. चांगलं वाटलं तर कशामुळे ते सांगायचं. गटात एकजण तरी वेगळ्या कामातला घ्या, म्हणजे तिघे पॅकेजिंगवाले असतील तर चौथा पुस्तकांचा किंवा पडद्याचा. सगळे एकाच कामातले असले की तोच दोष सगळ्यांच्याच नजरेतून सुटतो.

दुसरी, छापलेल्या पानाची उकल. तुम्हाला आवडणारं एक पान घ्या, शक्यतो मासिकाचं, ज्यात शीर्षक, मजकूर, चित्र आणि चित्रओळ हे सगळं आहे. पारदर्शक पट्टीने समास मोजा, स्तंभांची रुंदी मोजा. मग मजकुराच्या सलग ११ ओळींमधलं पहिल्या शिरोरेखेपासून अकराव्या शिरोरेखेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या आणि १० ने भागा. एका पॉइंटचे ०.३५३ मिमी धरले की लेडिंग मिळतं. ५३ मिमी आले तर ५.३ भागिले ०.३५३, म्हणजे १५ पॉइंट. एकच ओळ मोजलीत तर पट्टीची अर्ध्या मिलिमीटरची चूक जवळजवळ दीड पॉइंटची होते, म्हणून दहा अंतरं घ्यायची.

मिळालेल्या मापांवर पान पुन्हा उभं करा, छापा आणि मूळ पानावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरा. जिथे जुळत नाही तिथे थांबा: चित्र स्तंभाबाहेर दोन मिलिमीटर का काढलं असेल? चित्रओळ मजकुराच्या ओळीशी का जुळवली नसेल? महिन्याला दोन पानं झाली की तीन महिन्यांत असे वीसेक प्रश्न वहीत जमतात. ते पान ज्याने मांडलं त्याचं नाव त्याच अंकाच्या श्रेयनामावलीत असतं, आणि त्याला पाठवायच्या पहिल्या निरोपातला प्रश्न तुमच्या वहीत आधीच लिहिलेला असतो.